मातीचा रिपोर्ट चांगला आलाय, मग इंजिनिअर नको का म्हणायलाय?

या महिन्यात जागा, माती, बोअर आणि भराव याच्यावरच जास्त पत्रं आली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : ताई नमस्कार. जालन्याच्या बाहेर दोन गुंठे प्लॉट घेतलाय, पूर्ण काळी माती आहे. शेजारी आधी जुन्या बॅटऱ्या फोडायचं शेड होतं, आता बंद पडलंय. शेताची करतो तशीच प्लॉटची माती मी तपासून आणली, पीएच 7.9 आणि पालाश भरपूर आलाय. पण इंजिनिअर म्हणायलाय हा कागद माझ्या कामाचा नाही. परत पैसे कशाला घालायचे?
— एक वाचक, जालना

दादा, इंजिनिअर बरोबर बोलायलाय. तुमचा रिपोर्ट खोटा नाही, फक्त त्याला विचारलेला प्रश्न वेगळा होता. शेतीच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, पीएच, क्षारता, सेंद्रिय कर्ब असे 12 घटक बघतात, आणि त्यातून एवढंच कळतं की पिकाला खत किती घालायचं. तुमचे प्रश्न दोन आहेत : ही माती घर पेलेल का, आणि हिच्यात लेकराबाळांना बाधेल असं काही आहे का. याचं उत्तर त्या 12 आकड्यांत कुठंच नाही.

आधी घर पेलायचं बघू. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे आपण सगळे लहानपणापासून बघतो, पण पाया घालताना तेच विसरतो. त्यासाठी फ्री स्वेल नावाची एकदम सोपी टेस्ट आहे : वाळवून चाळलेली 10 ग्रॅम माती एका नळीत पाण्यात टाकतात, तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये, आणि 24 तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते, त्या दोन्हीतला फरक म्हणजे तिचा फुगवटा. तो 50 टक्क्यांच्या वर गेला की साधं दगडी जोतं घालून भागत नाही. मग सरळ मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, आणि काळी खूपच खोल असेल तर अंडर-रीम पाइल घ्यायचे, म्हणजे खाली फुगा काढलेले खांब (ही पद्धत रुरकीच्या सीबीआरआय, म्हणजे केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं बसवून दिली), ते निदान साडेतीन मीटर खोल नेतात कारण वरच्या थरात दरवर्षी ओल-सुकं होत राहतं. सोबत जमिनीची भारक्षमता, म्हणजे ती किती वजन पेलते, ते पण काढून घ्या.

आता बॅटरीचं शेड. इथं मला खरंच काळजी वाटली म्हणून जरा सविस्तर लिहिते. बॅटरी फोडली की शिसं आणि ॲसिड दोन्ही सांडतं. शिसं चिकणमातीला धरून बसतं, लवकर खाली जात नाही, वरच्या वितभर थरातच राहतं. आणि लोक काय करतात, पायाचा खड्डा पाच फूट खणला की तळातली माती पिशवीत भरतात आणि तीच शिशासाठी पण पाठवून देतात, रिपोर्ट एकदम स्वच्छ येतो, आणि वर अंगणात लेकरू मातीत खेळत असतं. पायाची माती खालून घ्यायची, शिशाची वरून. शेडकडून पावसाचं पाणी ज्या उतारानं तुमच्याकडं येतं त्या बाजूचे दोन-तीन नमुने वेगवेगळे घ्या, सगळे एकत्र कालवू नका, नाहीतर एका कोपऱ्यातलं जास्त शिसं बाकीच्या चांगल्या मातीत लपून जातं.

आणखी एक नमुना घ्या, तो शेडपासून लांब, वरच्या अंगाला, जिथं काहीच सांडलेलं नाही अशा बांधावरचा. आपली जमीन बेसाल्टची, त्यात तांबं, निकेल, क्रोमियम निसर्गतःच जास्त असतं, त्यामुळं नुसता आकडा बघून उगाच घाबरायला होतं. शिसं मात्र बेसाल्टात कमीच असतं, म्हणून बांधावर कमी आणि प्लॉटवर कितीतरी जास्त आलं तर ते शेडचंच समजा. तसं निघालं तर वरचा थर काढायला लागतो, पण ती माती मनानं कुठंही नेऊन टाकू नका, आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा. 2025 मध्ये केंद्रानं दूषित जागांसाठी वेगळे नियम काढलेत आणि त्यात घाण करणाऱ्यावर जबाबदारी टाकलीय, तेव्हा रिपोर्ट आणि नमुना घेतानाचे फोटो जपून ठेवा. लॅब एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची बघा, आणि ती मान्यता शिशाच्याच टेस्टसाठी आहे का हे पण विचारा.

प्रश्न : आमच्या बोअरचं पाणी सवळ आहे. आरओवाल्यानं मीटर लावून 1800 टीडीएस सांगितला. गुत्तेदार म्हणतो बांधकामाला चालतंय. स्लॅब याच पाण्यात टाकू का? राहायला गेल्यावर प्यायला पण हेच पाणी आहे.
— एक वाचक, केज, जि. बीड

मीटर फक्त एकूण किती विरघळलंय ते दाखवतो, काय विरघळलंय ते नाही. स्लॅबसाठी क्लोराइड किती ते बघायचं, कारण सळई तेच खातं. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे लोखंडाच्या काँक्रीटला पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत लागतं, साध्या काँक्रीटला 2000 पर्यंत चालतं, सल्फेट 400 च्या आत आणि पीएच 6 च्या खाली नको. तुमच्या 1800 मध्ये क्लोराइड 300 पण असू शकतं आणि 800 पण, म्हणून लॅबमध्ये तेवढं मोजून घ्या, खर्च फार नाही. तरी शंका राहिली तर त्याच पाण्याचे तीन ठोकळे आणि डिस्टिल्ड पाण्याचे तीन ठोकळे करून 28 दिवसांनी फोडून बघतात, तुमच्या पाण्याच्या ठोकळ्यांची ताकद दुसऱ्याच्या 90 टक्के तरी यायला पाहिजे.

प्यायचं पूर्ण वेगळं. तिथं नायट्रेट बघा, लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर बिलकुल नको, तान्ह्या लेकराला तर नकोच, आणि पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. ई-कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारे जंतू, बघा. किनवट, बिलोली, देगलूरकडचे वाचक असतील तर फ्लोराइड पण बघा, तिकडं खाली ग्रॅनाइट लागतो, लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पाणी पिऊ नका. नमुना घेताना मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, पाइपात साचलेलं पाणी जाऊ द्या, जंतूंसाठीची बाटली लॅबकडूनच निर्जंतुक केलेली आणा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणलेलं पाणी माझ्याकडं आजही येतं, आणि ते परत पाठवताना फार वाईट वाटतं कारण माणूस साठ किलोमीटरवरून आलेला असतो.

प्रश्न : टिप्परवाला भट्टीची राख आणि स्लॅग (धातू वितळवताना निघणारा मळ) फुकट भराव म्हणून द्यायलाय. त्याच्याकडं लॅबचा पास रिपोर्ट आहे. प्लॉट खोलगट आहे, शेजारी हापसा आहे. घेऊ का?
— एक वाचक, परभणी

घेऊ नका ताई. तो रिपोर्ट बहुतेक टीसीएलपी नावाच्या टेस्टचा असेल, त्यात माल सौम्य ॲसिडात साधारण 18 तास फिरवतात आणि पाण्यात काय उतरलं ते मोजतात. तिथं शिशाची हद्द लिटरला 5 मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्यात ती 0.01 आहे, म्हणजे पाचशे पट कमी. तो माल घातक कचरा धरायचा का नाही, एवढंच त्या टेस्टवरून ठरतं. हापशाशेजारी टाकायला चांगला असं त्यात कुठंही लिहिलेलं नसतं. वरून स्टीलच्या काही स्लॅगमध्ये मोकळा चुना राहतो, तो पाणी लागलं की फुगतो आणि फरशी उचलतो. थोडे पैसे गेले तरी चालतील, खदानीचा मुरूमच टाका, थर देऊन, पाणी मारून, रोलर फिरवून.

प्रश्न : जुना वाडा पाडलाय, राडारोडा गावच्या पडक्या विहिरीत टाकला तर चालेल का?
— एक वाचक, औसा

नाही चालणार. पडकी असली तरी विहिरीतून पाणी सरळ खडकाच्या भेगांत उतरतं आणि तिथून दुसऱ्याच्या बोअरला लागतं. आधी राडारोड्यातला रंग लावलेला लाकूडफाटा आणि पत्रे वेगळे काढा. दगड आणि चांगल्या विटा तर लगेच विकल्या जातील, पांढरी माती गिलाव्याला मागणारे पण औशात अजून आहेत. जे उरेल ते नगरपरिषदेला विचारून त्यांनी ठरवलेल्या जागी न्या, आणि टिप्परची पावती घ्या.