आधी चाल बघ

पोरी, आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. घोडी माजावर आलीय, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला तो नाचरा मारवाडी घोडा तिला दाखवायचा आणि होणारं शिंगरू ड्रेसाजला, म्हणजे घोड्याच्या चाली आणि शिस्त जोखणाऱ्या स्पर्धेला, तयार करायचं, असा तुझा बेत. घोड्याचे भोवरे, देवमण, पंचकल्याणी खूण, कानांचा आकडा, सगळं लिहिलंस. त्याच्या चालीबद्दल मात्र एक अक्षर नाही.

आधी हिशेब करू. घोडीचा गाभ अकरा महिन्यांचा. ग्रां प्री या ड्रेसाजच्या सर्वांत वरच्या पातळीला आंतरराष्ट्रीय नियमाने घोडा किमान ८ वर्षांचा लागतो. म्हणजे आज घोडी फळवलीस तरी नऊ वर्षं, तीही मध्ये कुठं लंगडा झाला नाही तर. तू आत्ता एकोणीसची. नाचणाऱ्या नराच्या मोहात पडून केलेली निवड अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत तुझ्या दावणीला राहील.

वरातीतला नाच आणि ड्रेसाजमधला पियाफ दिसायला सारखे वाटतात, म्हणूनच फसायला होतं. पियाफमध्ये घोडा जवळजवळ जागच्या जागी दुडकी चालतो, तिरके पाय जोडीनं उचलतो, मागचा भाग खाली बसतो आणि पाठ वर येते. वरातीतला घोडा बघ. मान वर, पाठ खोल, डोळे पांढरे, आणि तोंडात काय आहे ते विचारायलाच नको. काटेरी लगामाला जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे, तरी वापरणारे वापरतात. तो दुखण्यातून नाचतो. ती पाठ पुन्हा वर आणायला वर्षं जातात, काहींची येतच नाही.

शिवाय हा घोडा रहवाल, म्हणजे एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर टाकत, चालतो का, ते बघ. आपल्याकडे रहवालीचं केवढं कौतुक! स्वाराच्या हातातलं दूध सांडत नाही म्हणतात. लांबच्या वाटेला ती चाल सुखाची, खरं आहे. पण ड्रेसाजमध्ये साध्या चालीला चार ठोके स्वच्छ लागतात: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. दुडकीला दोन, कँटरला, म्हणजे संथ दौडीला, तीन. एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम पडायला लागले की चार ठोक्यांचे दोन होतात आणि परीक्षक गुण कापतो. लगाम सैल सोडून चालायच्या मोकळ्या चालीच्या गुणांना बऱ्याच चाचण्यांत दुप्पट वजन असतं. दुडकी शिकवून पुष्कळ सुधारते, कँटरही. साधी चाल घोडा जन्माला घेऊन येतो. तुला ती वाढवता येत नाही फारशी, बिघडवता मात्र चटकन येते.

ही अक्कल मला एका कुमैत शिंगरानं दिली. फौजेतून परत आलो होतो, हातात मस्ती होती. शिंगरू साडेतीन वर्षांचं, चालताना मागचा खूर पुढच्याच्या ठशापलीकडे वीतभर पडायचा. घोड्याच्या कण्याची वाढ पुरी व्हायला पाच-सहा वर्षं लागतात हे मला माहीत होतं, तरी मी तीन महिन्यांत त्याची मान वाकवून दाखवली. लगाम आखूड, टाच सतत. लोक थांबून बघायचे. वडणगे फाट्यावरचा चहावाला म्हणायचा, काय देखणं जनावर हो. त्याच हंगामात पहिली चाचणी दिली. चालीला दहापैकी चार. मला वाटलं परीक्षकाची नजर कमी. मग त्याला ओल्या मातीवर नेलं आणि ठसे बघितले. मागचा खूर पुढच्या ठशापर्यंतसुद्धा पोचत नव्हता. पुढची दोन वर्षं मोकळ्या लगामानं डोंगरात फिरवला. थोडी आली चाल परत, पूर्ण नाही. शेवटी घोडागाडीच्या शर्यतीवाल्याकडे गेला. तिथं बरा पळाला म्हणे.

तालमीत वस्ताद कोवळ्या पोराला खासबागच्या हौद्यात उतरवत नाही. आधी माती मळ, जोर-बैठका मार. घोड्याच्या बाबतीत आपण हे विसरतो, कारण घोडा बोलत नाही.

तू हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेचं लिहिलंस. २०२३ मध्ये आपल्या चौघांनी तिथं ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं, घोडेस्वारीत १९८२ नंतरचं पहिलं. अभिमान मलाही आहे. पण त्यांच्या मांडीखालची जनावरं युरोपातल्या वॉर्मब्लड, म्हणजे खास स्वारीच्या खेळांसाठी पैदास केलेल्या, जातींची होती. जर्मनीत हानोव्हर भागात त्सेलेची सरकारी पागा १७३५ पासून चालते. तिथं नर वळू म्हणून ठेवायचा की नाही, हे त्याची चाल, उडी आणि स्वभाव तपासून ठरतं. आपली भीमथडी जात दऱ्याखोऱ्यांत कमी चाऱ्यावर टिकण्यासाठी घडली, मारवाडी वाळवंटासाठी. कमी कुणी नाही, पण वेगळ्या कामाची आहेत.

मग शिंगरू नकोच का? आत्ता नको. तू अजून खोगिरात नीट बसत नाहीस, राग मानू नकोस. पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला एखादा शांत थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा, मिळाला तर घे. पाय पशुवैद्याकडून तपासून घे, ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची चाचणी करूनच दारात आण. त्याच्यावर तीन-चार वर्षं शीक. घोडी कुठं पळून जात नाही.

आणखी एक, घरातल्यांना सांगशील. उसाचं वाडं, गूळ, काकवी बंद. तुमच्या शेतात ऊस आहे म्हणून घोडी गुऱ्हाळावरची गिऱ्हाईक नव्हे. साखर जास्त झाली की खुरात आग उठते, लॅमिनायटिस म्हणतात त्याला, आणि एकदा झाला की खूर आयुष्यभर सांभाळावा लागतो. तुझ्या आजोबांना हे पटवणं अवघड जाईल, मला माहीत आहे. तेव्हा माझं नाव सांग, त्यांना माझ्यावर आधीपासूनच राग आहे.

रविवारी पहाटे घोडीला घेऊन ये. खोगीर, लगाम काही नको, नुसती मोरकी घालून आण. नदीकाठच्या ओल्या पट्ट्यावरून चालवू आणि ठसे बघू. टेप मी आणतो.

तुझा
काका