मायक्रोवेव्ह लावला की नेट जातं

प्रश्न : राउटर हॉलमध्ये, फ्रिजवर आहे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसते. दुपारी मायक्रोवेव्हमध्ये भाजी गरम करायला ठेवली की मीटिंग अडकते. मोबाइल मात्र सुरळीत! लॅपटॉप बदलू का?

उत्तर : ताई, नवा लॅपटॉप कशाला? मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झच्या (लहरींच्या वारंवारतेचं माप) लहरींवर चालतो. तुमचा लॅपटॉप बहुधा राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे, म्हणून जवळपास त्याच वारंवारतेच्या मायक्रोवेव्हच्या लहरी त्यात अडथळा आणतात; मोबाइल ५ च्या पट्ट्यावर असेल. वाय-फायच्या यादीत शेवटी ‘५जी’ असलेलं तुमचंच दुसरं नाव दिसतं का बघा (सिमच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही) आणि ते जोडा. मोबाइलवर ते दिसतं पण लॅपटॉपवर दिसतच नसेल, तर लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड बहुधा जुनं आहे. दोन्ही पट्टे पकडणारा वाय-फायचा यूएसबी डोंगल (लॅपटॉपला बाहेरून खोचायचं छोटं यंत्र) लावा. ५ गिगाहर्ट्झला भिंती जड जातात, म्हणून राउटर स्वयंपाकघराच्या दाराजवळ हलवा. फ्रिजवर तो ठेवतात तरी का, देव जाणे; एवढा मोठा पत्रा सिग्नल अडवतोच.