जुन्या काळ्या सिंगर मशीनचं मॅन्युअल कुठं मिळेल?

तुमचा प्रश्न असा: घरात पायानं चालवायची काळी सिंगर आहे, पुस्तिका हरवलीय, सोलापुरात किंवा नेटवर कुठं मिळेल? दुकानात शोधू नका. जुन्या पुस्तिकांचे स्कॅन नेटवर फुकट असताना छापील प्रतीसाठी पैसे घालवण्यात अर्थ नाही.

आधी मशीन कोणत्या जातीचं आहे ते ठरवा. उजव्या खांबाच्या बुडाशी, पाटावर नंबर असतो. १९०० च्या आधीच्या नंबरांना अक्षर नसतं, नंतरच्यांना पुढं एक किंवा दोन अक्षरं असतात. Y किंवा EA, EB अशी सुरुवात असली तर मशीन स्कॉटलंडच्या क्लाइडबँक कारखान्यातलं. मॉडेलच्या आकड्यामागचा 'के' तिथलाच. पण नंबरावरून साल आणि कारखाना कळतो, मॉडेलची खात्री होईलच असं नाही. ती बॉबिनवरून, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळावरून करा.

सुईजवळची सरकपट्टी उघडा. बॉबिन लांब काडीसारखी आणि होडीच्या आकाराच्या शटलात असेल, तर २७, २८, १२७ किंवा १२८. दोरा भरायचं यंत्र चाकाजवळ खाली असलं तर २७, वर असलं तर १२७. २८ आणि १२८ म्हणजे याच जोडीची लहान रूपं. गोल बॉबिन आडवी पडलेली दिसली तर बहुधा ६६. गोल बॉबिन उभी, केसमध्ये बसवून डावीकडून आत जाते आणि टेन्शनची, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणारी चकती डाव्या टोकाच्या पत्र्यावर आहे? मग १५ची जात. आपल्याकडच्या जुन्या काळ्या उषाही याच धाटणीच्या, म्हणून त्यांची पुस्तिका मिळाली नाही तरी १५के ची चालते.

आता इंग्रजीत 'सिंगर', मॉडेलचा आकडा आणि 'मॅन्युअल' टाकून शोधा. स्मिथसोनियनच्या ग्रंथालयानं सिंगरच्या बऱ्याच पुस्तिका मोफत ठेवल्यात. इस्मॅक्स या संग्राहकांच्या संस्थेकडं नंबरांच्या याद्याही आहेत.

मालकाच्या पुस्तिकेत दोरा ओवणं, तेलाची भोकं, टेन्शन एवढंच असतं. टाका सुटतो, शटलचं टायमिंग चुकलंय, असं असेल तर 'ॲडजस्टर्स मॅन्युअल' शोधा किंवा सरळ सोलापूरच्या पूर्व भागात युनिफॉर्म शिवणाऱ्यांना मिस्त्री विचारा. टेन्शनच्या चकत्या उघडण्याआधी फोटो काढाच, क्रम उलटा लागला की टेन्शन बसत नाही.

सुई १५x१ (पाकिटावर बहुतेक HAx1) घ्या, DBx1 नको, ती कारखान्यातल्या मशीनची. टेरिकॉटला १४, चादरीला १६ नंबर. सुईची सपाट बाजू शटलकडं ठेवा आणि दोरा लांब खाचेच्या बाजूनं ओवा. टॉवेल शिवत असाल तर शटलच्या रिंगणातला कापूस आधी काढा, मग शिलाई मशीनचंच तेल एकेक थेंब. खोबरेल तेल कितीही हाताशी असलं तरी नको, ते चिकट होऊन सगळं आवळतं.