ओमाहा बीचला जायचंय? आधी ओहोटीची वेळ बघ
सिनेमा बघून नॉर्मंडीला निघालायस, छानच! पण ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मधला तो किनारा फ्रान्सचा नाहीच. ते चित्रीकरण आयर्लंडमध्ये, वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर झालं. तेव्हा पडद्यावरची जागा शोधत फिरू नकोस.

ओमाहाला ओहोटीलाच पोहोच. दुसऱ्या महायुद्धात, 6 जून 1944 ला सकाळी साडेसहाला अमेरिकन सैनिक इथे उतरले, तेव्हा पाणी असंच मागे सरलेलं होतं. पाण्याच्या कडेपासून टेकडीकडे चालत ये. ओल्या वाळूत पाय रुततात, आडोसा कुठेच नाही. ते अंतर फोटोत कधीच कळत नाही. (बूट जुनेच घाल.)

जवळच्या प्वांत द्यू ऑक या कड्यावर बॉम्बचे खड्डे अजून आहेत. कोलव्हीलच्या अमेरिकन सैनिकांच्या दफनभूमीत 9,000 हून जास्त कबरी आहेत, तिथे निवांत अर्धा दिवस ठेव. मुक्काम जवळच्या बायो गावात कर, आणि गाडी भाड्याने घेच.