कुड्याच्या सालीतली अल्कलॉइड्स अँटिऑक्सिडंट म्हणून काम करतात का?

तुम्ही विचारलंय, की अल्कलॉइड्स, म्हणजे वनस्पतीतली नायट्रोजनवाली संयुगं, फ्री रॅडिकल्सना मारतात म्हणे, मग खानापूरच्या रानातली कुड्याची साल रोज उकळून प्यायली तर चालेल का. बेळगावात एम.एस्सी.ला असताना हीच साल मी तपासली होती, म्हणून सविस्तर लिहितो.

फ्री रॅडिकलकडं एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा असतो. तो शेजारच्या रेणूकडून ओढून घेतो, मग शेजारी बिथरतो, आणि पेशीच्या आवरणातल्या मेदात ही साखळी पुढं पुढं जाते. ती तोडायला कुणीतरी हायड्रोजन देऊन स्वतः शांत राहावं लागतं, हेच अँटिऑक्सिडंटचं काम. बेंझिनच्या, म्हणजे सहा कार्बनच्या, कड्याला लागलेला ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) हे करू शकतो, कारण मागं उरलेला एकटा इलेक्ट्रॉन अख्ख्या कड्यावर पसरतो. चिलीतल्या बोल्डो झाडाच्या बोल्डीनमध्ये असे दोन गट आहेत, म्हणून ते या कामात तरबेज.

पण अल्कलॉइड ठरतं ते नायट्रोजनवरून. आमच्या निपाणीच्या तंबाखूतलं निकोटीनही अल्कलॉइडच, आणि त्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एकही अणू नाही. ओएच कुठून येणार! वर विडीच्या धुरातून फ्री रॅडिकल्स छातीत जातात ती वेगळीच.

आता कुडा. तपासणीला डीपीपीएच नावाचं टिकाऊ फ्री रॅडिकल वापरतात. त्याचं द्रावण जांभळं असतं, रॅडिकल शमलं की ते पिवळं पडतं. रंग किती उतरला ते ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात. सालीचा अर्क घातला आणि रंग झटकन उतरला. मी हरखलो. मॅडम म्हणाल्या, "अल्कलॉइड वेगळं काढ, मग बोल." मग सौम्य आम्लात अल्कलॉइड उतरवलं, अमोनिया घातला, क्लोरोफॉर्ममध्ये ओढून घेतलं. दोन दिवस गेले. तो भाग घातला तर जांभळा रंग जवळजवळ तसाच! सालीतलं मुख्य अल्कलॉइड कोनेसीन, त्याला तसला ओएच गटच नाही. आधी रंग उतरवला होता तो सालीतल्याच टॅनिनसारख्या (तुरट चवीच्या) सोबत्यांनी. 'अमुक वनस्पतीची अल्कलॉइड्स अँटिऑक्सिडंट' असं वाचलं, की अल्कलॉइड वेगळं काढलं होतं का, हे मी आजही आधी बघतो.

आणि परीक्षानळीतला रंग रक्तात काय होतं ते सांगत नाही. कुडा हे हगवणीवरचं औषध आहे, वैद्यांनी दिलं तर त्यांच्या मापानं घ्या. रोज काढा नको. बाजारात पांढऱ्या कुड्याच्या नावावर काळ्या कुड्याची सालही खपते. अँटिऑक्सिडंटसाठीच म्हणत असाल तर आवळा आहे, आमसूल आहे, ती आपल्या जेवणात आधीपासूनच आहेत.