पंपाचा रिले (विजेवर चालणारा स्विच) बंद झाला की आर्डुइनो (पंप चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) रीसेट का होतो?

आधी पंपाची वायर काढून रिले नुसता वाजवून बघा. आता रीसेट होत नसेल तर कोड निर्दोष; मोटरचा प्रवाह तुटताना रिलेच्या संपर्कात पडणारी ठिणगीच गुन्हेगार. मेन बंद करून पंपाच्या दोन टोकांत स्नबर (ठिणगी शमवणारी जोडणी) लावा: 100 ओहमचा रेझिस्टर आणि 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये. कपॅसिटर एक्स-2 वर्गाचाच, म्हणजे थेट मेनवर लावण्यासाठी बनवलेलाच घ्या, साधा अजिबात नको. कुळागरात (गोव्यातल्या सुपारी-नारळाच्या बागेत) मातीच्या ओलाव्याच्या सेन्सरची लांब तार बरेच जण पंपाच्या 230 व्होल्टच्या वायरबरोबर एकाच पाइपातून नेतात. तुम्हीही नेली असेल तर ती वेगळी काढा, अर्धं दुखणं तिथंच जाईल. फोंड्याच्या पावसात ग्राउंडच्या स्क्रूवर हिरवट थर चढतो, तोही खरवडा.