बारावीनंतर जनावरांची डॉक्टर कसं व्हायचं?

मुलगी बारावी सायन्सला आहे आणि तिला गुरांची डॉक्टर व्हायचंय, असं तुम्ही विचारलंय. भौतिक, रसायन, जीवशास्त्र हवं आणि ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पदवी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., म्हणजे पशुवैद्यक आणि पशुसंवर्धनाची; इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळची सरकारी कॉलेजं नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाखाली येतात. मुंबईचं तर 1886 पासूनचं.

पण अर्ज भरण्याआधी तिला महिनाभर गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बसू द्या, हे मी अगदी मनापासून सांगतो. शहरातलं कुत्र्या-मांजरांचं क्लिनिक बघून अनेक मुलं येतात आणि पहिल्यांदा गाय विताना अडली की गांगरतात. खांद्यापर्यंत हात घालून आडवं आलेलं वासरू सरळ करायचं, तेही रात्री, गोठ्यात, बॅटरीच्या उजेडात. त्या गाईच्या दुधावर घर चालत असतं. 2022 मध्ये गुरांचा लम्पी त्वचारोग आला तेव्हा शेतकऱ्यांचे चेहरे पाहिलेत मी, अजून विसरलो नाही.

मुलींना हे जमत नाही म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. इथं ताकदीपेक्षा हाताचा अंदाज लागतो.

पुढं एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी, दूध संघ, पोल्ट्री, किंवा स्वतःचा दवाखाना. मात्र आधी पशुवैद्यक परिषदेत नोंदणी हवीच.